पुरातत्त्व संग्रह आणि त्याची निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या संग्रहालयात रोज कुणी ना कुणी प्रश्न घेऊन येतं. सहलीबरोबर आलेले शिक्षक असतात, शिरूर-जुन्नरकडून फोन करणारे शेतकरी असतात, पेठेतल्या जुन्या वाड्याचा पाया खणताना काही हाती लागलेले मालक असतात. त्यांना आम्ही जी उत्तरं देतो, तीच इथे सविस्तर लिहिली आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण तिथे घाई केली तर वस्तूचं नुकसान होतं.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

सगळ्यात जास्त आहेत ती खापरं. त्याखालोखाल दगडाची हत्यारं आणि छिलके (ती घडवताना उडालेले दगडाचे तुकडे), मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, जनावरांची हाडं, जळून कोळसा झालेलं धान्य, तांब्याच्या थोड्या वस्तू, सातवाहनांपासून शिवराईपर्यंतची नाणी आणि अंगणात ठेवलेले काही वीरगळ. बहुतेक सामान भीमा, घोड आणि कुकडी या नद्यांच्या काठचं आहे. काही पृष्ठभागावरून वेचलेलं, काही लोकांनी आणून दिलेलं.

मांडलेल्या वस्तूंपेक्षा भांडारात ठेवलेल्या वस्तू कितीतरी जास्त आहेत. त्या लपवून ठेवल्यात असं कृपया समजू नका. अभ्यासासाठी अर्ज केला तर त्या पाहता येतात, आणि तसे अर्ज आले की आम्हाला मनापासून आनंद होतो.

पुण्यात आणखी कुठे जावं?

इनामगाव, नेवासे यांसारख्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन वस्त्या किंवा दगडी हत्यारं यांबद्दल खरी ओढ असेल तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय पाहाच. डॉ. हसमुख सांकळिया यांनी तिथे पुरातत्त्वाचा जो विभाग उभा केला, त्याचा हा संग्रह आहे, आणि महाराष्ट्राचा शिवकाळाच्या मागचा इतिहास इतक्या जवळून दाखवणारी दुसरी जागा पुण्यात नाही. त्याच आवारात मराठा इतिहासाचंही संग्रहालय आहे. कागदपत्रं, नाणी, जुनी चित्रं यांसाठी १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, हस्तलिखितांसाठी १९१७ पासूनची भांडारकर संस्था, आणि घरगुती वस्तूंसाठी राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुण्यात चार-पाच दिवस राहणाऱ्या पाहुण्यांना शनिवारवाडा झाल्यावर काय दाखवावं, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर याच यादीत आहे.

पुणं किती जुनं आहे?

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटांत 'पुण्य विषय' आणि 'पूनक विषय' असे या प्रदेशाचे उल्लेख आहेत ('विषय' म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग). शहरातलं पाताळेश्वर लेणंही साधारण त्याच काळातलं. जिल्ह्यातली वस्ती मात्र याहून फार जुनी. इनामगावला सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांचं नांदतं गाव होतं, आणि माणसाने केलेली दगडी हत्यारं तर त्याच्याही कितीतरी मागे जातात.

एवढी फुटकी खापरं कशासाठी साठवता?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जवळचा आहे.

मडकं फुटतं, पण खापर कुजत नाही. लाकूड, कापड, चामडं आपल्या हवेत काही वर्षांत मातीला मिळतं. भाजलेली माती हजारो वर्षं तशीच राहते. शिवाय प्रत्येक काळाची भांडी घडवण्याची, भाजण्याची, रंगवण्याची रीत वेगळी असते. म्हणून खापर हाती आलं की ते कोणत्या लोकांचं, साधारण कोणत्या काळातलं, हे सांगता येतं.

जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे इनामगावसारख्या गावांतल्या प्राचीन शेतकऱ्यांच्या भांड्याचं, एक खापर घ्या. प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. हे चाकावर घडवलेलं, पातळ आणि पक्कं भाजलेलं असतं. बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा टण्ण आवाज येतो. पृष्ठभाग लाल किंवा नारिंगी, त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेषा, जाळी, त्रिकोण. वाडग्याच्या पोटावर मध्येच एक ठसठशीत कंगोरा येतो. तोटीची भांडी तर या लोकांची खास ओळख. कडेचा तुकडा मिळाला तर तोंडाचा व्यास मोजता येतो, व्यासावरून भांड्याचा आकार कळतो, आणि आकारावरून ते पाण्याचं होतं, साठवणीचं होतं की जेवणाचं, याचा अंदाज बांधता येतो. आतल्या भिंतीत मुरलेल्या चरबीचं रासायनिक विश्लेषण करून त्यात काय शिजलं होतं, तेही आता शोधता येतं. म्हणूनच उत्खननातली सगळीच भांडी आम्ही धूत नाही. काही तुकडे मातीसकट राखून ठेवतो.

हे सगळं कळायला एक अट आहे. खापर कुठून, किती खोलीवरून, कोणत्या थरातून आलं, त्याची नोंद हवी. नोंद नसेल तर सोन्याचा दागिनासुद्धा इतिहासाला फारसं काही सांगत नाही. नोंद असेल तर बोटाएवढं खापर गावाची तारीख ठरवायला मदत करतं.

वस्तूचं वय कसं ठरवता?

तीन गोष्टी एकत्र पाहतो. पहिली, थर: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, मध्ये कुणी खड्डा केला नसेल तर. दुसरी, घडण: भांड्यांचे, मण्यांचे, नाण्यांचे ओळखीचे प्रकार. तिसरी, प्रयोगशाळा. कोळसा, धान्य, हाड अशा एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थांत कार्बन-१४ असतो आणि दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. उरलेला कार्बन-१४ मोजला की वय निघतं. दगडाचं किंवा तांब्याच्या मूर्तीचं वय या पद्धतीने निघत नाही, हे लक्षात ठेवा.

विज्ञान आलं म्हणजे वाद संपला असंही नसतं. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्यासोबत दगडी हत्यारं मिळाली. राखेचं वय एका मोजणीत १४ लाख वर्षं आलं, दुसऱ्या मोजणीत सुमारे ६ लाख ७० हजार. काही अभ्यासकांच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची राख आहे. या मतांतलं अंतर प्रचंड आहे. ते आम्ही पाटीवर तसंच लिहितो.

शेत नांगरताना मडकं, नाणी किंवा मूर्ती वर आली. आता काय करू?

सगळ्यात आधी काम थांबवा. ट्रॅक्टर, जेसीबी जे असेल ते बाजूला घ्या.

अर्धवट जमिनीत असलेली वस्तू ओढून काढू नका. आहे तशीच ठेवून फोटो काढा. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. एक लांबून, ज्यात झाड, विहीर किंवा बांध दिसेल. मोबाइलवर जागा नोंदवून ठेवा. किती खोलीवर मिळाली, माती कशी होती, आजूबाजूला राख, हाडं, विटा होत्या का, हे दोन ओळींत लिहा. मडकं भरलेलं असेल तर आतली माती झटकून टाकू नका. त्या मातीत दाणे असतील, मणी असतील, एखाद्या बाळाची हाडंही असू शकतात.

मग तलाठी किंवा तहसीलदार कार्यालयात आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. आम्हाला कळवलंत तर पुढची वाट आम्ही दाखवू, पण शासकीय यंत्रणेला सांगण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर वस्तूवरचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवलं तर शोधणारा आणि जमीनमालक यांचा वाटा कायद्याने मानलेला आहे. शासनाने वस्तू घ्यायची ठरवली तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे.

शेतकऱ्यांना एक भीती असते, जमीन सरकारजमा होईल ही. मडकं किंवा नाणी सापडल्याने सात-बारा बदलत नाही. ही भीती मनात धरून लोक वस्तू पुन्हा पुरतात किंवा रातोरात सराफाकडे नेतात. वितळवलेलं नाणं परत आणता येत नाही, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहीत आहोत.

वस्तू तर मिळालीच आहे, मग जागेची एवढी चौकशी कशाला?

दायमाबादचं उदाहरण पाहा. प्रवरेच्या काठी १९७४ साली एका स्थानिक माणसाला झाडाचं मूळ खणताना चार ओतीव शिल्पं मिळाली: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. सगळी मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. भारतीय धातुकामातला हा अद्भुत ठेवा आहे. तरीही ती शिल्पं उत्खननाच्या चरातून, थरातून आली नाहीत, म्हणून ती नेमकी कोणत्या काळातली यावर अभ्यासक आजही वाद घालतात. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, पण ज्या क्षणी ती वर आली त्या क्षणाची माती कुणी वाचलेली नव्हती.

जुनी नाणी चिंच-मीठ लावून उजळली तर चालेल का?

नाही. ही विनंती समजा, वाटल्यास कळकळीची समजा.

तांबं जमिनीत राहिलं की त्यावर हिरवट-काळा थर चढतो. तो थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तोच धातूचं रक्षण करत असतो. नाण्यावरची अक्षरं पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात. चिंच किंवा लिंबू तो थर खरवडून टाकतं, आणि त्यासोबत शिवराईवरचं 'श्री राजा शिव' ही जातं. मिठाने तर दुहेरी घात होतो. मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरतं, हवेतल्या दमटपणाने जागं होतं आणि आतून धातू पोखरायला लागतं. फिकट हिरवी, बोटाला भुकटीसारखी लागणारी पूड पडायला लागली तर तो हाच रोग. आमच्या भाषेत ताम्ररोग. घासून तो बरा होत नाही. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढायचं, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषून घेणाऱ्या खड्यांसोबत) ठेवायचं आणि तज्ज्ञाकडे न्यायचं. प्रयोगशाळेत क्लोराइड काढून बेंझोट्रायझोलसारख्या रसायनाने पृष्ठभाग स्थिर करतात. हे घरी करायचं काम नाही, ती रसायनं अंगाला अपायकारक आहेत.

हिरव्या थरात काय दडलेलं असतं, ते नेवाशाने दाखवलं. १९५० च्या दशकात तिथल्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत ओवलेला धागा शिल्लक होता. तांब्याचे क्षार जंतूंना मारक, म्हणून तीन हजारांहून अधिक वर्षं तो धागा टिकला. त्या काळच्या कापडाचा, सुताचा पुरावा इतक्या थोड्या जागी उरला आहे! कुणी ते मणी चिंचेने लख्ख केले असते तर आपल्या हाती फक्त चकचकीत तांबं आलं असतं.

सातवाहनांची शिशाची नाणी सागवानी कपाटात ठेवली आहेत. पांढरी का पडली?

कपाटामुळेच. लाकडातून, विशेषतः प्लायवूडमधून आणि काही गोंदांतून, आम्लाची वाफ सतत थोडी थोडी बाहेर पडते. शिसं तिला फार हळवं असतं आणि त्याची पांढरी पूड होत जाते. नाणी लगेच बाहेर काढा, पॉलिथिलीनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत ठेवा. पूड हाताने पुसू नका, तोंडाजवळ नेऊ नका, ती विषारी असते. पीव्हीसीचे मऊ अल्बम कोणत्याच नाण्यासाठी वापरू नका.

फुटलेलं भांडं फेव्हिक्विकने जोडलं तर?

एकदा चुकीचं जुळलं की पुन्हा सोडवता येत नाही, आणि सोडवायला गेलं की खापराचा पापुद्रा सुटून येतो. आम्ही पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरतो. ती अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, त्यामुळे शंभर वर्षांनी कुणाला वाटलं की ही जोडणी चुकली, तर त्याला ती उलगडता येईल. घरी असाल तर तुकडे न जोडता एका पिशवीत एकत्र ठेवा. तेवढं पुरे.

जोडलेल्या रांजणात मध्येच फिक्या रंगाचे भाग दिसतात. रंगवायचं राहून गेलं का?

मुद्दाम तसं ठेवलं आहे. मूळ तुकडा कुठला आणि आम्ही प्लास्टरने भरलेला भाग कुठला, हे पाहणाऱ्याला कळायला हवं.

धुतलेल्या खापरांवर पांढरी बुरशी आली आहे.

ती बुरशी नसून क्षार असण्याची शक्यता जास्त. जमिनीतले क्षार खापराच्या बारीक छिद्रांत शिरलेले असतात. कोरड्या हवेत ते पृष्ठभागावर येऊन त्यांचे स्फटिक होतात आणि वाढता वाढता रंगाचा थर उचकटतात. उपाय साधा, पण चिकाटीचा: खापर शुद्ध पाण्यात भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, आणि पाण्यातले क्षार घटलेत का ते दर वेळी मोजायचं. कच्चं भाजलेलं किंवा वरून नंतर रंगवलेलं भांडं मात्र पाण्यात घालू नका, ते विरघळेल. कुठलं कसं ते ओळखता येत नसेल तर काहीच करू नका आणि आमच्याकडे घेऊन या.

पावसाळ्यात वस्तूंची काळजी कशी घेता?

पुण्याची हवा एप्रिलमध्ये कमालीची कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओलीचिंब. वस्तूंना नुसता दमटपणा जितका बाधतो, तितकाच हा चढउतार बाधतो. हाड, हस्तिदंत, लाकूड आकसतं, फुगतं आणि तडकतं. म्हणून प्रत्येक कपाटात आर्द्रतामापक असतो आणि रोजचा आकडा वहीत लिहिला जातो. धातू वेगळ्या हवाबंद डब्यांत, ४० टक्क्यांच्या खालच्या आर्द्रतेत. सिलिका जेलच्या खड्यांनी रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करून घेतो. पावसाळाभर खिडक्या उघड्या टाकून 'हवा खेळती' ठेवण्याचा मोह टाळतो.

सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून किमान वीतभर उंच असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं होतं, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानेही काय केलं ते शहराने पाहिलं आहे. पुण्यात संग्रह सांभाळणाऱ्याने तळघराचा विचारच करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

कसर आणि वाळवीसाठी डांबरगोळ्या आम्ही बंद केल्या. माणसालाही त्या बऱ्या नाहीत. स्वच्छता, चिकट सापळे आणि दर आठवड्याला कोपरे तपासणं, यावर भर असतो.

माणसांचे सांगाडे ठेवणं, दाखवणं योग्य आहे का?

हा प्रश्न लहान मुलं विचारतात तेव्हा आम्हाला विशेष बरं वाटतं.

इनामगावचं उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या वस्तीचं डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. शंभराहून अधिक घरं आणि दोनशेहून अधिक दफनं उजेडात आली. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात मुलाला ठेवायचं, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसाला उताणं झोपवत आणि बहुतेकदा घोट्यापासून त्याचे पाय काढून टाकत. मेलेला माणूस उठून परत चालत येऊ नये म्हणून, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. एका मोठ्या घरात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात एक माणूस बसवलेला सापडला आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा. मातीच्या पेटीत ठेवलेली शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि तिच्या सोबतचा बैलही याच गावचा. शेवटच्या काळात, साधारण इ.स.पू. १००० नंतर, घरं लहान आणि गोल होत गेली. डॉ. मधुकर ढवळीकर यांनी याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी जोडला.

हाडांवरून या माणसांचं वय, दातांचे आजार, उपासमारीच्या खुणा कळतात. हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्यांवर डेक्कन कॉलेजसह अनेक संस्थांनी केलेलं काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ६१ नमुने तपासल्यावर त्यांतल्या एकाच व्यक्तीचा डीएनए वाचता आला, इतकी आपली उष्ण हवा डीएनएला मारक आहे. म्हणून हाडं उघड्या हाताने न हाताळता, थंड आणि कोरड्या जागी ठेवणं गरजेचं.

मान ठेवून दाखवणं, हेच आमचं उत्तर आहे. सांगाड्याशेजारी सेल्फी काढू देत नाही. मुलांना आधी सांगतो की हे तुमच्या-आमच्यासारखं कुणाचंतरी घरचं माणूस होतं. त्यानंतर ती आपोआप हळू आवाजात बोलतात.

आमच्या गावच्या देवळाजवळचे वीरगळ मंडळाने ऑइल पेंटने रंगवले. चांगलं झालं ना?

हेतू चांगला, परिणाम वाईट.

वीरगळ म्हणजे गावासाठी, बहुतेकदा गुरं राखताना किंवा गाव वाचवताना पडलेल्या माणसाची शिळा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. पुणे जिल्ह्यात जुन्या महादेवाच्या देवळाशेजारी असे दगड जागोजाग उभे आहेत. नाव नसलेल्या माणसांचा एवढा मोठा लेखाजोखा आपल्याकडे दुसरा नाही.

काळा बेसॉल्टही जमिनीतलं पाणी ओढून घेतो आणि ते पृष्ठभागातून बाहेर टाकतो. ऑइल पेंटने ती वाट बंद होते. पाणी आणि क्षार रंगाखाली साठतात, आणि रंग सुटतो तेव्हा दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. घोड्याचा लगाम, ढालीवरची नक्षी, असे बारीक तपशील रंगाच्या जाड थराखाली बुजतात ते वेगळंच. त्याहून वाईट म्हणजे रंग काढण्यासाठी अ‍ॅसिड, तारेचा ब्रश किंवा वाळूचा मारा. पायाशी सिमेंटचा ओटा बांधणंही टाळा, सिमेंटमधले क्षार थेट दगडात चढतात. आधार द्यायचाच असेल तर चुन्याचा.

शेंदूर हा श्रद्धेचा भाग आहे आणि गावाच्या श्रद्धेत आम्ही हात घालत नाही. एवढंच सुचवतो की पूजा एका शिळेची करावी, बाकीच्या तशाच राहू द्याव्यात. दगड मूळ जागेवरून हलवू नका. हलवावाच लागला तर आधी जागेचा, दिशेचा फोटो काढा. वर्षातून एकदा मऊ कुंचल्याने धूळ आणि शेवाळ झटकावं, चारी बाजूंनी पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा. गावातल्या मुलांनी प्रत्येक वीरगळाला नंबर देऊन वही केली, तर पुढे एखादी शिळा चोरीला गेली तेव्हा पोलिसांना दाखवायला काहीतरी असेल.

घरातल्या जुन्या मूर्तीची किंमत सांगाल का?

नाही, आम्ही मूल्यांकन करत नाही. पण कायदा सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं. यांतल्या ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो, आणि परदेशी नेण्यावर खासगी माणसाला बंदी आहे. अमेरिकेतल्या मुलाकडे आजीचा देव पाठवण्याआधी हे वाचा.

आम्हाला वस्तू संग्रहालयाला द्यायची आहे.

मनापासून स्वागत. पुण्याला ही परंपरा आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून जमवलेल्या दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं अशा हजारो वस्तू, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने, १९७५ साली महाराष्ट्र शासनाकडे सोपवल्या.

वस्तूसोबत तिची हकिगत आणा: कुणाची, कुठून आली, घरात कधीपासून आहे. आजी हयात असेल तर तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. बेकायदा खणून काढलेली वस्तू आम्ही घेत नाही, फुकट मिळाली तरी. घेतलेल्या प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक मिळतो, तो वस्तूवर आधी राळेचा पातळ थर लावून त्यावर बारीक अक्षरात लिहितात, आणि दात्याला पावती दिली जाते. तुमची वस्तू कायम मांडलेलीच राहील, असं वचन मात्र देता येत नाही.

गडावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरलं तर चालेल का?

चालणार नाही. संरक्षित जागी विनापरवाना खणणं गुन्हा आहे. असं कुणी करताना दिसलं तर पोलिसांना कळवा.

फोटो काढू शकतो का? हात लावू शकतो का?

फोटो हो, फ्लॅश नाही. हात लावण्यासाठी खास एक टेबल आहे. तिथली खापरं जागेची नोंद हरवलेली आहेत, ती मुलांनी खुशाल टिचकी मारून पाहावीत.

मला पुरातत्त्वाचं शिक्षण नाही. काही मदत करता येईल का?

भरपूर. भांडारात सध्या सगळ्यात निकडीचं काम जुन्या चिठ्ठ्यांचं आहे. खापरांच्या पिशव्यांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कागदी चिठ्ठ्या आहेत. शाई उडत चालली आहे, कडा कसरीने खाल्ल्या आहेत. प्रत्येक चिठ्ठी वाचायची, फोटो काढायचा, गाव, चर, थर, खोली, तारीख संगणकावर भरायची, आणि न फाटणाऱ्या कागदावर पेन्सिलीने नवी चिठ्ठी करून जुनीसकट पिशवीत ठेवायची. अक्षर न कळलं तर अंदाजाने भरायचं नाही, प्रश्नचिन्ह टाकायचं. निवृत्त शिक्षक आणि बँकेतून निवृत्त झालेली मंडळी हे काम फार नेटकं करतात. शनिवारी सकाळी या, वाचायचा चष्मा सोबत आणा, आणि हाताला क्रीम लावून येऊ नका.